मे महिन्यात काळी आणि बरड सारखीच लाल

जमीन किती तापते यावरून मातीचा पोत (रेताड की चिकण) उपग्रहातून ओळखता येईल असं वाटतं. पण मे महिन्यातलं लँडसॅट-८ या उपग्रहाचं तापमानचित्र उघडलं, तर काटोलकडची भारी काळी जमीन आणि तिला लागून असलेली मुरमाड बरड, दोन्ही एकाच लाल रंगात! ‘तापते ती रेताड, थंड राहते ती चिकण’ हा ठोकताळा नागपूरच्या उन्हाळ्यात असा मोडतो.

कारण थर्मल इनर्शियात आहे, म्हणजे औष्णिक जडत्वात: माती तापायला-निवायला किती विरोध करते त्यात. उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की ते मिळतं. एसआय एककांत कोरड्या रेताड मातीचं सुमारे ६२०, कोरड्या चिकणमातीचं ६००. दोन्हींत फरक जवळपास नाहीच. पाण्याने तुडुंब भरल्यावर हेच आकडे २५५० आणि २२१० होतात. पोत कळतो तो कोणती माती किती दिवस ओल धरते त्यावरून. शिवाय काळी माती ऊन जास्त शोषते, त्यामुळे कोरडी असताना तिचं तापमान आणखी चकवतं.

म्हणून आम्ही त्याच हंगामातलं, अवकाळी पावसानंतर दोन दिवसांनी टिपलेलं चित्र काढलं. तिथे दोन्ही पट्टे स्पष्ट वेगळे दिसले: बरड वाळून तापलेली, काळी अजून थंड. ही संधी मोजक्या दिवसांची असते. मग काळीचाही वरचा थर वाळतो, भेगा पडतात. लँडसॅट ८ आणि ९ मिळून आठ दिवसांनी एकदा येतात, तेही आकाश निरभ्र असेल तर उपयोगी. अॅक्वा उपग्रहावरचा मोडिस हा संवेदक अनेक वर्षं दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास रोज तापमान देत होता (२०२२ पासून ही वेळ पुढे सरकत गेली), पण त्याचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, एक किलोमीटरचा.

लँडसॅटच्या चित्रात एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) ०.२ च्या वर असलेले पिक्सेल आधीच वगळावेत. उष्णता टिपणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी बँड ११ मध्ये भरकटलेल्या प्रकाशाची चूक शिरते, म्हणून बँड १० घ्यावा. उघड्या मातीची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, ०.९७ धरता येते. चित्र ३० मीटरचं दिसलं तरी मूळ मोजणी १०० मीटरची, म्हणजे एका पिक्सेलमध्ये अडीच एकर. बांधाकडचे पिक्सेल सोडलेलेच बरे.

पडताळणी प्रयोगशाळेतच होते. ५० ग्रॅम माती कॅलगॉनमध्ये (मातीचे कण सुटे करणाऱ्या द्रावणात) रात्रभर भिजवून हायड्रोमीटरचं (पाण्यात तरंगत राहिलेली माती मोजणाऱ्या उपकरणाचं) वाचन ४० सेकंदांनी आणि दोन तासांनी घ्यायचं. उपकरण २० अंशांवर प्रमाणित असतं. वरच्या प्रत्येक अंशामागे वाचनात लिटरला ०.३६ ग्रॅम मिळवावे लागतात. पाणी ३५ अंशांवर असताना ही दुरुस्ती राहिली, तर चिकणमातीचं प्रमाण जवळपास ११ टक्क्यांनी कमी निघतं आणि दोष उपग्रहाच्या माथी जातो.