अण्णांची अंबाडी

अण्णांना व्हिडिओ कॉलवर आमचं बेसमेंट दाखवत होतो. बाहेर उणे अठरा असताना घर गरम कसं राहतं, हे त्यांना भट्टीसकट बघायचं होतं. मोबाइल फिरवताना कोपऱ्यातल्या काळ्या टेंटची चेन अर्धी उघडी आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या मात्र आलं.

"थांब थांब. मागं घे. ते काय लावलंय? अंबाडी का?"

"हो… तसलंच."

"मग सुतळीनं ताणून कशाला बांधलीय? अंबाडी खुडून खायची असती."

अगदीच खोटं बोललो असं नाही. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. पानं गांजाच्या पानांसारखी दिसतात म्हणूनच ते नाव पडलं. अण्णांनी पान बरोबर ओळखलं, झाड चुकलं.

तर हो, मी गांजा लावतो. हॅमिल्टनमध्ये, स्वतःच्या घरात, कायद्यात बसून. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना घरी चार झाडं लावता येतात. माणशी चार नाही हं, घरटी चार. शेजारच्या क्वेबेकने त्यालाही मनाई केली आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मनाई उचलून धरली. निफाड-दिंडोरीत बसून हे वाचणाऱ्यांनी मात्र गच्चीवर प्रयोग करू नयेत. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे आणि लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

मी स्वतः शनिवारी रात्री थोडासा ओढतो, तेवढंच. बायको म्हणते, तुला पिण्यापेक्षा कापण्याचीच नशा जास्त. खरं आहे ते. सोळा वर्षांचा असल्यापासून हातात कात्री आहे. पिंपळगावच्या बाजूला आमची साडेतीन एकर थॉमसन द्राक्षं. एप्रिलच्या उन्हात पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या आडव्या खोडावर, एकेक डोळा राखून बाकी सगळं खरडून काढायची, आणि कालपर्यंत हिरवी असलेली बाग दोन दिवसांत भुंडी दिसायची. मग नवी फूट. फेलफूट म्हणजे बिनकामाची फूट काढा, सातव्या पानावर शेंडा मारा, बगलफुटीतून सबकेन म्हणजे पोटकाडी घ्या. पाहुणे विचारायचे, वाढणाऱ्या वेलीला सारखं का कापता? कारण त्या दिवसांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत पुढचा घड तयार होत असतो आणि त्या डोळ्यांवर ऊन पडावं लागतं. ऑक्टोबरच्या छाटणीला आपण फक्त तो डोळा हेरून त्याच्या पुढे कापतो. माल एप्रिल-मेमध्येच ठरलेला असतो.

एवढं माहीत असूनही पहिल्या वेळी मी टेंटमधल्या दोन झाडांना हातच लावला नाही. इतकं देखणं, सरळ वाढत होतं की कापवेना. परिणाम व्हायचा तोच झाला. मधला शेंडा वर जाऊन दिव्याला भिडला, टोकाला पांढरा पडला, आणि खालच्या फांद्यांना लाह्यांएवढी फुलं. वाळवून दोन्ही झाडांची मिळून अट्ठेचाळीस ग्रॅम. बागेत सूर्य तिरका येतो, फिरतो, खालच्या फांदीलाही घासभर ऊन देतो. टेंटमध्ये दिवा डोक्यावर एका जागी. त्याच्यापासून दोन वीत खाली गेलात की उजेड झपाट्याने उतरतो, आणि वरच्या पानांची सावली पडते ती वेगळीच. म्हणजे झाड उंच नको, पसरट हवं. सगळे शेंडे एका पातळीत, परातीत पीठ चाळल्यासारखे.

दुसऱ्या वेळी शेंडा खुडला. पानांच्या सहा जोड्या झाल्या की पाचवीच्या वर. नखाने होतं, कात्रीही लागत नाही. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्झिन हे संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते उठतात. चार दिवस झाड रुसल्यासारखं दिसतं आणि मग एका फांदीच्या जागी दोन सारख्या फांद्या चालू होतात. द्राक्षात हेच करतो आपण, फक्त नाव टॉपिंग नसतं.

मग वाकवणं. कुंडीच्या काठाला भोकं पाडून फांद्या बाहेरच्या बाजूला सुतळीने ओढून घ्यायच्या, रोज थोड्या. इकडे यासाठी रबराचा थर दिलेली मऊ तार मिळते आणि ती चांगली असते, पण माझा जीव सुतळीत. तार ओढायला सोपी, म्हणून हात जास्त ओढतो. सुतळीला गाठ मारेपर्यंत फांदी किती ताणलीय ते बोटांना कळतं. तरी एक फांदी मोडलीच. सकाळी पाणी दिलं आणि लगेच वाकवायला घेतली. पाणी प्यालेली फांदी काकडीसारखी कडक. कट्ट आवाज आला आणि बगलेत उभी चीर गेली, पाव इंच आत पांढरं दिसायला लागलं. दोन्ही बाजू जुळवून इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळली, खालून एक चॉपस्टिक टेकू दिली. दहा-बारा दिवसांनी टेप सोडली तर तिथे सुपारीएवढी गाठ, आणि फांदी इतरांपेक्षा जोमात! आता पाणी द्यायच्या आधी, दुपारून बांधतो.

फुलावर आणण्यासाठी अठरा तासांचा दिवा बारा तासांवर आणावा लागतो. रात्र लांबली की याला फुलायचं सुचतं. शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावून फुलं लांबवतात ना, त्याच्या उलट. बारा तास अंधार म्हणजे अंधारच. रात्रीत टेंट उघडून डोकावलात तर मादी झाडावरही नर फुलं यायची भीती असते. या बदलानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत झाड कधी कधी दुप्पट उंच होतं. म्हणून जी काही छाटणी-बांधणी करायची ती त्याआधी, आणि त्या उंच होण्याच्या दिवसांत वर जाळी. छोटा मांडवच. एकेका घरातून फांदी काढायची, पलीकडच्या घरात दडपायची. त्याच सुमारास खालचा तिसरा हिस्सा मोकळा करायचा. उजेडच पोचत नाही तिथली किडुकमिडुक काढून टाकायची. फेलफूटच ती. त्यानंतर कात्री खुंटीला.

ती खुंटीला राहिली नाही, ही माझी तिसऱ्या वेळची गोष्ट. कुठल्याशा व्हिडिओत फुलावर एकविसाव्या दिवशी सगळी मोठी पानं काढून टाकलेली बघितली. झाड उघडंबोडकं, आणि तो माणूस हसतोय. मलाही चेव आला. रविवारी दुपारी बसलो आणि दोन बादल्या पानं काढली. पुढचे दहा दिवस झाड जिथल्या तिथे. फुलं फुगायच्या दिवसांत ते बापडं नवी पानं काढत बसलं.

नेमका तेव्हाच अण्णांचा फोन.

"तुझी अंबाडी दाखव बरं."

दाखवली. लपवून काय उपयोग!

"काय केलंस रे हे? आजारी होती का?"

"नाही, उजेड जावा म्हणून पानं काढली."

"उजेड घेणार कोण मग? काडी?" आणि थोडं थांबून, "एका घडाला पंधरा पानं लागतात. तुला दहावीत असताना मोजायला लावली होती. इसरला का?"

विसरलो नव्हतो. पण घरचं शहाणपण शेतात ठेवून आलो होतो, व्हिडिओचं जास्त खरं वाटलं. आता मोठं पान एखाद्या फुलावर बसलंच असेल तर आधी बाजूला सरकवतो, नाही सरकलं तरच काढतो. आणि एका दिवशी चार-पाचपेक्षा जास्त नाही.

पानं अजिबात काढूच नयेत असंही नाही, हे चौथ्या वेळी कळलं. दाटी खूप झाली होती आणि पंखा कोपऱ्यात नुसता फिरत होता. तोडणीला आठवडा असताना सगळ्यात जाड फुलातलं एकच पान पिवळं दिसलं. बाकी झाड ठणठणीत. पान हलकेच ओढलं तर देठासकट सहज हातात आलं, आणि फूल उकलून बघितलं तर आत राखाडी बुरशी, तपकिरी मऊ गाभा. तो वास मला ओळखीचा होता. डिसेंबरात अवकाळी झाल्यावर दाट घडांच्या आत शिरतो तोच. बोट्रायटिस सिनेरिया, द्राक्षाची आणि याची एकच. फूल बोटभर खालून कापून बाहेर टाकलं, आणखी दोन सापडली, तीही टाकली. अण्णा घडांवरची पानं विरळ करायचे ते वारा खेळावा म्हणून, हे मी लहानपणी नुसतं ऐकलं होतं.

परवाच्या पाचव्या वेळी दोन झाडांचे वाळून एकशे साठ ग्रॅम भरले. चार झाडांची परवानगी आहे, पण दोनच लावतो. टेंट दोन बाय चार फुटांचा आहे, चार लावली तर सावलीच पिकवायची.

फेब्रुवारीत नायगाराच्या बाजूला गेलो होतो. बर्फात उघड्या वेली, आणि एक बाई हातमोजे घालून एकटीच छाटत होती. इकडे थंडीत वेल आपली आपण झोपते, वर्षातून एकदा कापलं की झालं. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून दोनदा कापून तिला हंगाम शिकवावा लागतो. मी गाडी थांबवून बघत राहिलो. तिची कात्री स्प्रिंगची होती, चांगली. पण कापताना पातं डोळ्याच्या फार जवळ नेत होती, असं आपलं मला वाटलं.

अण्णांचा व्हिसा आलाय. जूनमध्ये येतायत. खरं काय ते आल्यावर सांगेन म्हणतोय, पण काल फोनवर आवाज बारीक करून म्हणाले, "आपल्या गावात महाशिवरात्रीला येणाऱ्या बुवांकडं असली अंबाडी असायची." मग नेहमीच्या आवाजात, "माझी कात्री आणू का?"

म्हटलं आणा, पण हातातल्या पिशवीत नको, चेक-इन बॅगेत टाका.