भोरड्यांसाठी नांदूर मध्यमेश्वर: मार्च चुकवू नका

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात बहुतेक मंडळी डिसेंबर-जानेवारीत बदकं बघायला जातात. आम्ही मार्चच्या सुरुवातीला गेलो ते भोरड्यांसाठी, आणि या पक्ष्यासाठी तोच महिना खरा, असं माझं ठाम मत झालंय.

चापडगावच्या वाटेवर फुललेल्या पांगाऱ्यावर थवा उतरला होता. नुसता कलकलाट! डोकं, पंख, शेपटी काळी. पाठ आणि पोट गुलाबी. दुर्बिणीतून एकीच्या कपाळाला चिकटलेले परागसुद्धा दिसले. हाच पक्षी हिवाळ्यात मळकट असतो. मार्चमध्ये त्याला नवी पिसं येत नाहीत. जुन्याच पिसांच्या मातकट कडा झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. विणीचा साज असा निफाडच्या शिवारात चढतो, पण घरटं इथे होत नाही.

तिची भाऊबंद साळुंकी छपराच्या फटीतही संसार थाटते. भोरडीला मात्र दगडांच्या राशी नाहीतर कड्याच्या कपारी हव्यात, जवळ पाणी हवं आणि भोवती टोळ-नाकतोड्यांनी भरलेला गवताळ माळ. हे सगळं एकत्र जुळतं ते कझाकस्तान, चीनमधल्या शिनजियांगकडे. तिथेही जागा ठरलेली नसते. ज्या वर्षी जिथे टोळ, तिथे हजारोंची वसाहत. पुढच्या वर्षी टोळ नसले तर ती जागा ओस. मे-जूनमध्ये सगळ्या जणू एकदमच अंडी घालतात, पिल्लं टोळांवर पोसतात आणि जुलै-ऑगस्टपासून थवे भारतात परतू लागतात. शिनजियांगमध्ये टोळ आटोक्यात राहावेत म्हणून लोकांनी त्यांच्यासाठी दगडविटांची घरटी बांधली आहेत. आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत याच भोरड्यांवर गोफण फिरते. ज्वारी राखणाऱ्याचं नुकसान खरंच आहे, पण त्याला ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

जाणार असाल तर नाशिकहून साधारण 40-45 किलोमीटर. निफाडला रेल्वे आहे, पण पुढे स्वतःची गाडी बरी. उजाडताना पोहोचा आणि आधी पांगारा, काटेसावर, पळस धुंडाळा. तळ्याकाठचे मनोरे नंतर. स्थानिक गाइड जरूर घ्या, थवे कुठे उतरतात ते त्यांना ठाऊक असतं. द्राक्षकाढणीचे दिवस असतात, बागेत विचारल्याशिवाय शिरू नका. एप्रिलवर ढकलू नका, तोवर थवे वायव्येकडे निघू लागतात.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा लक्ष ठेवा. मातकट अंगाची, फिकट पिवळ्या चोचीची भोरडी दिसली तर ती त्याच उन्हाळ्यात जन्मलेली. तारखेसह ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा.