मूळ छायाचित्र, पण २ एमबीच्या आत

‘कृपया कॅमेऱ्यातून निघालेले मूळ, कोणताही बदल न केलेले छायाचित्र जोडावे.’ तक्रारीच्या अर्जातील या ओळीच्या बरोबर खाली दुसरी ओळ होती : ‘फाइलचा आकार २ एमबीपेक्षा अधिक नसावा.’ या दोन ओळींच्या मधल्या बोटभर जागेत माझा आठवडा अडकून पडला. कौटुंबिक सहलीसाठी पहिलावहिला डिजिटल कॅमेरा कसा निवडला हे सांगायला मी बसलो आहे खरा. परंतु निवडीला तीन आठवडे लागूनही तिचा मनस्ताप झाला नाही आणि त्या अर्जाचा राग मात्र अजून ओसरलेला नाही, त्यामुळे या लेखाचा तोल कुठे झुकणार हे आधीच सांगून टाकलेले बरे.

तोवर आमचे सगळे फोटो मोबाइलवर निघत असत. उन्हात काढलेल्या फोटोंविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. दिवेलागणीनंतर खोलीत काढलेल्या फोटोंत मात्र मुलांचे हात फराटे ओढल्यासारखे दिसत आणि चेहरे मेणाचे वाटत. शिवाय आईला फोटो कागदावर हवे असतात. पडद्यावर बोट सरकवत पाहिलेल्या फोटोला ती फोटो म्हणतच नाही. या वेळी तीन पिढ्या एकत्र निघणार होत्या, म्हणून खिशात मावेल, घरातल्या कोणालाही हाताळता येईल आणि संध्याकाळच्या उजेडात हात टेकणार नाही असा कॅमेरा घ्यावा, एवढे ठरले.

मेगापिक्सेलचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर १० बाय ८ इंचांच्या फोटोला ३००० गुणिले २४००, म्हणजे ७२ लाख ठिपके पुरतात; दहा लाख ठिपक्यांचा एक मेगापिक्सेल, त्या हिशेबाने ७.२ मेगापिक्सेल. तेव्हा २० मेगापिक्सेल घ्यावा की २४, यावर डोके शिणवण्याचे कारणच नव्हते. मुलीला लेन्स बदलता येणारा कॅमेरा हवा होता. पण एका हातात आईचा हात आणि दुसऱ्या हातात सामान असताना लेन्स कोण बदलणार, या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडेही नव्हते.

खरी ओढाताण झाली ती झूम आणि सेन्सर, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड टिपणारी चकती, यांच्यात. एकीकडे ३० पट झूमचा कॅमेरा होता. त्याची लेन्स ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात २४ पासून ७२० मिलिमीटरपर्यंत जात होती (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते), आणि दूरच्या झाडावरचा पक्षी पडदाभर दिसताना पाहून मीसुद्धा भाळलो होतो. दुसरीकडे तेवढ्याच आकाराचा, पण जेमतेम २४ ते ७० मिलिमीटरचा कॅमेरा होता. पहिल्याच्या माहितीपत्रकात सेन्सर ‘१/२.३ इंच’ लिहिला होता, दुसऱ्याच्या ‘१ इंच’. वाचणाऱ्याला काही कळू नये म्हणूनच ही मापे योजली असावीत, असा माझा आजही संशय आहे. कारण एक इंची सेन्सरची कोणतीच बाजू एक इंच नसते. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांमधल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून हे नाव आले आणि नळ्या गेल्या तरी ते टिकून राहिले. प्रत्यक्षात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, तर १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर भरतो. मी दोन्ही मापांचे कागदाचे तुकडे कापून टेबलावर ठेवले. एक अंगठ्याच्या नखाएवढा होता. दुसरा इतका लहान, की पंखा लावताच उडून गेला. क्षेत्रफळात चौपट फरक आहे हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

त्यात लेन्सच्या तोंडाचा, म्हणजे ॲपर्चरचा, हिशेब वेगळा; त्यात ‘एफ’पुढचा आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे. झूमवाल्या कॅमेऱ्याचे ॲपर्चर जास्तीत जास्त एफ/३.३ पर्यंत उघडत होते आणि झूम ताणला की एफ/६.४ वर येत होते, दुसऱ्याचे एफ/१.८ पासून सुरू होऊन एफ/२.८ वर थांबत होते. एफ/३.३ च्या जागी एफ/१.८ मिळाले की तिपटीहून अधिक उजेड आत येतो, म्हणजे जिथे शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे ठेवावे लागायचे तिथे शंभरावा भाग पुरतो. मुलांचे हात फराटे ओढतात की हातांसारखे दिसतात, हे त्या फरकावर ठरते. तरीही पक्षी काही मनातून जाईना. शेवटी पत्नीने मोबाइलमधले मागच्या सहलीचे फोटो काढून माझ्यापुढे धरले आणि यात दूरचे किती आहेत ते मोजायला सांगितले. जवळपास चारशे फोटोंत असे अकरा निघाले, आणि त्यांतही पक्षी एकही नव्हता. बाकी सगळी माणसे होती, बहुतेक हाताच्या अंतरावरची. कॅमेरा निवडणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी आपलेच जुने फोटो असे मोजावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. आम्ही एक इंची सेन्सरचा कॅमेरा घेतला.

सहलीला सोळा दिवस उरले असताना खोके घरी आले. त्यात मेमरी कार्ड नव्हते. ते बहुधा नसतेच, त्यामुळे कार्ड आधीच आणून ठेवावे आणि त्याचे खोके फोडताच ते भरून, वाचून पाहावे, कारण खोट्या क्षमतेची कार्डे बाजारात सर्रास मिळतात. त्या संध्याकाळी सगळ्यांना सोफ्यावर बसवून मी दहा-बारा फोटो काढले. छान आले, फक्त उजव्या टोकाला बसलेली आई प्रत्येक फोटोत थोडी पुसट होती. मी तिला दोनदा हलू नकोस म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती म्हणाली, “अरे, मी काय वाऱ्यावर बसले आहे का हलायला?” दुसऱ्या दिवशी तिच्या जागी मुलीला बसवले, तर मुलगीही पुसट आली.

मग मी शांतपणे तपासणी केली, आणि ती कशी केली हे सविस्तर सांगतो, कारण कॅमेरा नवा असतानाच ती प्रत्येकाने करावी. वर्तमानपत्राची चार पाने भिंतीवर सपाट चिकटवली. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समोरासमोर ठेवला, ॲपर्चर पूर्ण उघडले, हाताचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावला आणि फोटो काढला. डाव्या बाजूच्या छोट्या जाहिरातीही वाचता येत होत्या. उजव्या बाजूचे मथळेसुद्धा ओल्या कागदावर शाई पसरावी तसे दिसत होते. कोपऱ्यांत थोडा मऊपणा बहुतेक लेन्सना असतो, पण तो दोन्हीकडे सारखा असावा लागतो. भिंत तिरपी असेल अशी शंका राहू नये म्हणून कॅमेरा उलटा धरून पुन्हा फोटो काढला, तर पुसटपणा कॅमेऱ्याबरोबर फिरून वर्तमानपत्राच्या डाव्या बाजूला आला. दोष भिंतीत नव्हता, आईत नव्हता; लेन्समधले एखादे भिंग जागेवर नीट बसलेले नव्हते. आईला तसे सांगितले. “मग मी हललेच नव्हते,” एवढेच ती म्हणाली, पण दिवसभरात चार वेळा म्हणाली.

बदलून मिळण्याची मुदत दहा दिवसांची होती आणि त्यातले दोन संपले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज उघडला. नाव, बिल क्रमांक, कॅमेऱ्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत कोरलेला अनुक्रमांक, दोषाचे वर्णन, सगळे भरले. फोटो जोडायला गेलो तर फाइल ९ एमबीची, आणि मर्यादा २ एमबी. मला त्यात विशेष काही वाटले नाही. संगणकावर फोटोचा आकार कमी केला, जोडला आणि पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले : ‘जोडलेले छायाचित्र मूळ नाही. तक्रार बंद करण्यात आली आहे.’

मी त्यांना दोष देतो, पण त्यांनी काय पाहिले हे नंतर समजले. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक नोंदही असते, तिला एक्झिफ म्हणतात. कॅमेऱ्याचे मॉडेल, फोटोची तारीख आणि वेळ, ॲपर्चर, शटर, झूम किती ताणला होता, असे सगळे तिच्यात आपोआप लिहिले जाते. संगणकावर फाइल पुन्हा साठवली की पुष्कळदा त्या सॉफ्टवेअरचे नावही तिथे उमटते, आणि माझ्या फाइलमध्ये ते उमटले होते. हे मला तेव्हा ठाऊक नसल्यामुळे पाचव्या दिवशी मी नवी तक्रार नोंदवताना दुसरी चूक केली : कॅमेऱ्यातला फोटो मोबाइलवर उतरवून घेतला, निरोपाच्या ॲपवरून स्वतःलाच पाठवला आणि लहान होऊन आलेली ती फाइल जोडली. अशी ॲप्स फोटो दाबून लहान करताना बहुधा ही नोंदच काढून टाकतात. सातव्या दिवशी उत्तर आले ते शब्दशः तेच होते, मात्र या वेळी खाली जादा ओळ होती की छायाचित्र याच कॅमेऱ्याने काढल्याचे सिद्ध होत नाही. जणू पुसट वर्तमानपत्रांचा साठा मी आधीपासून बाळगून होतो!

आठव्या दिवशी फोन केला. पाऊण तास धून ऐकल्यावर जो आवाज आला तो अत्यंत नम्र होता, आणि त्या नम्रतेनेच मी अधिक चिडलो. मूळ फाइल ९ एमबीची आहे, ती ईमेलने पाठवू का, असे मी विचारले. ईमेलने तक्रार घेतली जात नाही, अर्जातच जोडावी लागेल, असे उत्तर मिळाले. अर्ज २ एमबीच्या वर घेत नाही, असे मी म्हणालो. मग फाइल लहान करून जोडावी, असे उत्तर आले. लहान केली की मूळ राहत नाही, असे मी म्हणालो. थोडा वेळ पलीकडे शांतता पसरली, आणि नंतर त्याच नम्र आवाजाने मला अर्जातील सूचना नीट वाचण्याची विनंती केली. मी फोन ठेवला आणि कॅमेरा तसाच घेऊन जायचा, सगळ्यांना डावीकडे उभे करायचे, असे घरात जाहीर केले.

सुटका मुलीने केली. ती माझ्या शेजारी बसून कॅमेऱ्याचा मेनू उगाच खालीवर करत होती आणि मध्येच तिने विचारले, “बाबा, हा एल, एम, एस काय आहे?” ते फोटोचे आकार होते. कॅमेरा आपण होऊन लहान फोटो काढू शकतो, आणि तो लहान असला तरी कॅमेऱ्यातून थेट निघालेला, म्हणजे पूर्णपणे मूळ असतो, हे तीन आठवडे सेन्सरच्या मापांचा कीस काढणाऱ्या मला सुचले नव्हते. आकार एस केला, दर्जा साध्यावर आणला आणि वर्तमानपत्राचा पुन्हा फोटो काढला. २७३६ गुणिले १८२४ ठिपके, म्हणजे पाच मेगापिक्सेल, फाइल १.८ एमबी, एक्झिफची नोंद जशीच्या तशी. फाइलचे नावसुद्धा मी बदलले नाही. नवव्या दिवशी सकाळी अर्ज गेला आणि संध्याकाळी कॅमेरा बदलून देण्यास मंजुरी आली. सहा दिवस नाकारणाऱ्या व्यवस्थेने नऊ तासांत होकार दिला याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र अर्जाच्या त्या ओळीखाली ‘कॅमेऱ्यात आकार लहान ठेवून काढलेले चालेल’ एवढे चार शब्द लिहायला कोणाचे काय जात होते, हेच वाटत राहिले.

बदली कॅमेरा सहलीच्या दोन दिवस आधी हातात पडला. तोवर मी जादा बॅटरी आणि स्वतंत्र चार्जर घेऊन ठेवला होता, कारण या प्रकारच्या अनेक कॅमेऱ्यांत बॅटरी आतच चार्ज होते आणि तेवढा वेळ कॅमेरा जागेवर अडकून पडतो. विमानाने जाणार असाल तर सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकू नका. ती हातातल्या पिशवीत, टोके झाकून ठेवावी लागते. आणि तारीख-वेळ पहिल्याच दिवशी लावून घ्या. आमच्याकडे ती राहिली असती तर एक्झिफमधली तारीख बिलाच्या आधीची निघाली असती, आणि त्यावर काय उत्तर आले असते याची कल्पनाही मला करवत नाही.

वर्तमानपत्र अजून भिंतीवर होतेच. नव्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढला, पण आता मी शहाणा झालो होतो : तक्रार करावी लागलीच तर वेळ जाऊ नये म्हणून आकार आधीच एसवर नेला होता. दोन्ही बाजूंचे मथळे सारखे ठसठशीत आले. त्या समाधानात कॅमेरा पिशवीत गेला आणि आकार एसवरच राहिला. सहलीच्या तिसऱ्या दिवशी कार्डात अजून किती फोटो मावतील हे पाहताना तो आकडा संशयास्पद मोठा दिसला, तेव्हा कुठे हे लक्षात आले. पहिल्या दोन दिवसांचे सगळे फोटो पाच मेगापिक्सेलचे होते.

परत आल्यावर आईने छापायला निवडलेला फोटो नेमका त्या दोन दिवसांतला निघाला. मी हिशेब केला. इंचाला ३०० ठिपक्यांनी तो ९ बाय ६ इंचांत चपखल बसत होता. वर्तमानपत्र काढल्यावर भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग राहिले होते, ते झाकायला फोटो तिथेच लावला. त्यात आई उजव्या टोकाला उभी आहे, आणि तिच्या चष्म्याच्या काडीवरचा ओरखडाही दिसतो.