बेडसे, भाजे, कार्ले : एका दिवसात तीन लेणी आणि सोबत बाबा

बाबा महिनाभरासाठी पुण्याला आलेत. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांनी चाळीसएक वर्षं सुतारकाम केलं. आमच्याकडे सुतारापेक्षा वाढई हाच शब्द जास्त चालतो, तर बाबा वाढई. आता वय एकाहत्तर, गुडघे बोलतात, काम बंद केलंय. फ्लॅटमध्ये दिवसभर बसून माणूस किती टीव्ही बघणार, म्हणून मी एका ग्रुपची एक दिवसाची लेणी सहल बुक केली, मावळातली तीन बौद्ध लेणी, बेडसे, भाजे आणि कार्ले, माणशी अकराशे रुपये, नाश्ता जेवण आणि गाईड धरून. खरं सांगायचं तर मी स्वतः इतकी वर्षं पुण्यात राहून फक्त कार्ल्याला गेले होते, तेही एकवीरेच्या दर्शनाला, लेणं नुसतं बाजूने बघितलेलं.

गाडी साडेसहाची सांगून साडेसातला आली. याचा फटका पुढे कार्ल्याला बसला, ते सांगतेच. सतरा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर, बहुतेक सगळे आयटीतले, दोन शाळेतल्या बाई आणि आम्ही. गाईड म्हणजे पंचवीस-सव्वीसची मुलगी, पुरातत्त्वात एमए केलेली, तिने गाडीतच सांगून टाकलं की आपण काळाच्या क्रमाने चाललेलो नाही. वयाने सगळ्यात जुनं भाजे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, मग बेडसे, मग कार्ले. पण बेडसे पूर्वेकडे तोंड करून आहे तर सकाळचं ऊन तिथे, आणि भाजे-कार्ले पश्चिमेकडे बघतात म्हणून ती दुपारनंतर. हे मला फार आवडलं. उन्हाच्या हिशोबाने सहल आखणारं कोणीतरी आहे म्हणजे त्या माणसाने ती जागा खरंच पुन्हा पुन्हा बघितलेली असते.

कामशेतला पोहे खाल्ले आणि पवना नदीच्या खोऱ्यात शिरलो. बेडश्याला गर्दी नाहीच, रविवार असूनही आमच्याशिवाय एक जोडपं आणि दोन कुत्री. पायऱ्या बऱ्याच आहेत, चारशेच्या आसपास, बाबा प्रत्येक वळणावर बसत बसत चढले आणि मी मनात म्हणतेय की चुकलंच, यांना आणायला नको होतं. वर पोचल्यावर आधी काहीच दिसत नाही, समोर दगडाचे दोन मोठे ठोकळे न फोडता तसेच सोडलेत आणि त्यांच्यामधून एक अरुंद बोळ. त्या बोळातून आत गेलं की एकदम समोर खांब. काय खांब आहेत! खाली घडा, वर उलट्या घंटेसारखं कमळ, आणि अगदी वर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. मान मागे टाकून बघावं लागतं. सकाळचं ऊन त्या घोड्यांच्या तोंडावर तिरकं पडलेलं, नाकपुड्या सुद्धा दिसत होत्या.

गाईड म्हणाली हे सगळं वरून खाली कोरत आणलंय, आधी छत, मग खांबांचे माथे, मग खाली जमीन, म्हणजे परांचीची गरजच नाही. बाबा तोवर गप्प होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लाकूड चुकलं तं दुसरं घेता येते पोरी. दगड चुकला तं डोंगर कुठून आणन माणूस?" गाईडने हे ऐकलं आणि तिथून पुढे दिवसभर ती बाबांच्या बाजूला चालत होती.

आत चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, छताला आडवे पट्टे पट्टे दिसतात. तिने सांगितलं की इथे लाकडी कमानी बसवलेल्या होत्या, त्या गेल्या, आता फक्त खुणा राहिल्यात. बाबांनी विचारलं डोंगराला लाकडाचा टेकू कशाला? आणि हाच प्रश्न खरा होता, कारण टेकू नाहीच तो. त्या काळात सभागृहं, विहार म्हणजे भिक्खूंची राहायची घरं, सगळं लाकडाचं बांधायचे, लोकांच्या डोळ्याला तेच घर म्हणून माहीत, मग डोंगरात कोरताना सुद्धा तेच घर कोरलं, वाशांसकट, गवाक्षांसकट, आणि जिथे दगडात भागलं नाही तिथे खरं लाकूड आणून बसवलं. म्हणजे दगडफोड्यांच्या आधी तिथे वाढई होता. हे वाक्य माझं आहे, गाईडचं नाही, पण दिवसभर माझ्या डोक्यात तेच फिरत होतं.

बेडश्यात एक कोरीव लेख आहे, नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याच्या दानाचा. शेजारी पाण्याचं टाकं आहे, त्यावर सामडिनिका नावाच्या एका महारठिनीचा, म्हणजे महारठी या सरदाराच्या बायकोचा, लेख. आपण ट्रेकला जाणारे लोक गडावर, लेण्यांत "पाण्याची पोढी" म्हणतो ना, तो शब्द या सह्याद्रीतल्या लेण्यांच्या लेखांमध्ये तसाच आहे, पोढी. दोन हजार वर्षं टाक्यात पाणी आहे आणि शब्दही टिकलाय.

मळवलीला पिठलं भाकरी खाऊन भाज्याला चढलो. भाजे मी शब्दात कसं सांगू, ते बेडश्यासारखं सजलेलं नाही, उघडं आहे. चैत्याला समोर भिंतच नाही, मोठी घोड्याच्या नालासारखी कमान आणि आत सरळ स्तूप दिसतो, बाहेर उभं राहूनच. सगळे लोक फोटो काढायला लागले. बाबा मात्र दाराशी उभे राहून एक डोळा मिटून खांबांकडे बघत होते, जसं ते फळी सरळ आहे का बघायचे तसं. मग म्हणाले, खांब आत कललेत. आणि खरंच कललेत! सत्तावीस खांब आहेत, अष्टकोनी, अगदी साधे, आणि बाजूचे वर जाताना आतल्या बाजूला झुकलेत. गाईडने अजून सांगितलंही नव्हतं. कारणही तेच, लाकडी इमारतीत छताचा जोर बाहेर ढकलतो म्हणून खांब आत झुकवून रोवायचे. बाबा म्हणाले आम्ही मोठ्या मांडवाच्या मेढी अशाच तिरप्या रोवतो. दगडाला तसं झुकायची काही गरज नव्हती तरी झुकवला.

मग त्यांना जमिनीत आणि बाजूच्या दगडात खाचा सापडल्या. चौकोनी, हाताच्या तळव्याएवढ्या, कडा अजून बऱ्यापैकी धारदार. ते खाली बसले, गुडघ्यांचं विसरले बहुतेक, आणि त्यांनी एका खाचेत चार बोटं घालून आतून फिरवली, तळ चाचपला, मग दुसरीत, मग दोघींमधलं अंतर वितीने मोजलं. इथे चौकट होती म्हणाले. गाईडने मान हलवली. हो, भाज्याच्या चैत्याला समोरची भिंत आणि दार पूर्ण लाकडाचं होतं, ते केव्हाच गेलं, म्हणून आज ते असं उघडं दिसतं. आपल्याला जे लेण्याचं सौंदर्य वाटतं ते खरं म्हणजे दार निघून गेलेलं घर आहे. मी तिथे उभी राहून ते दार डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला, सागाचं, तेल दिलेलं, बाबांनी आमच्या घराला केलं होतं तसं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

वर छताला लाकडी कमानी आहेत आणि त्यातल्या दोन तुळयांवर छोटे ब्राह्मी लेख कोरलेले आहेत, खालून दिसत नाहीत, पण आहेत. पुढे चौदा स्तूपांचा गट आहे, पाच आत आणि नऊ बाहेर, तिथल्या भिक्खूंच्या आठवणीत उभे केलेले, काहींवर नावं पण आहेत, अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. नाव वाचलं की ते एकदम माणूस होतात. शेवटच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी दोन शिल्पं आहेत, आणि एक नाचणारी बाई, आणि तिच्यासाठी दोन उभी तालवाद्यं वाजवणारी दुसरी बाई. तबल्याचा इतिहास सांगताना हे शिल्प दाखवतात. पण एका खोलीच्या भिंतीवर कोणीतरी खिळ्याने बदाम काढून नावं खरडलीत, ताजी, पांढरी. फार वाईट वाटलं. बाबा त्या खरडलेल्या भिंतीवर हात ठेवून काही न बोलता पुढे गेले.

कार्ल्याला पोचेपर्यंत चार वाजून गेले होते आणि सकाळचा तो एक तास इथे कापला गेला. चाळीस मिनिटं मिळाली फक्त. या जागेला चाळीस मिनिटं म्हणजे अन्याय आहे, आयोजकांना मी तसं लिहून कळवलंय. शिवाय रविवार, एकवीरा आईच्या दर्शनाची रांग, कोळी-आगरी कुटुंबं नटूनथटून, नारळ, पेढे, वेण्या, ढोल. मला त्या गर्दीचा राग नाही आला, ती देवी आणि ते लेणं एकाच अंगणात नांदतात हे मला छानच वाटतं, फक्त लेणं नीट बघायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

आत गेलो. भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह, साधारण पंचेचाळीस मीटर लांब, सदतीस खांब. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब नक्षीचे, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर जोडपी. स्तूपामागचे सात अगदी साधे. बाहेरच्या गवाक्षातून पश्चिमेचं ऊन आत येऊन स्तूपाच्या पोटावर पडलेलं. आणि वर, छताला, लाकूड. मूळचं. सागवान. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाची. बाबा खांबाला पाठ टेकून वर बघत राहिले, किती वेळ ते मला नाही सांगता येणार, बाकीचे लोक स्तूपाला वळसा घालून परत आले तरी ते तिथेच. कमानीचे वाक बघितले का म्हणाले, सगळे सारखे आहेत. दोन हजार वर्षं वाळवी नाही लागली? गाईड म्हणाली डोंगराच्या पोटात, पावसापासून लांब आहे म्हणून. बाबा म्हणाले, ते हाये, पण लाकूडही चांगलं निवडलं होतं त्यानं.

त्यानं. एकवचनी. जसं काही गावातला दुसरा वाढई.

मग तिने लेख दाखवले. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल शेठीने अभिमानाने लिहून ठेवलंय की हे सेलघर जंबुद्वीपात उत्तम आहे. सेल म्हणजे शैल आणि घर म्हणजे घर, आपण आज म्हणतो तेच. खांबाखांबांवर देणाऱ्यांची नावं आहेत, धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणून ओळखले जाणारे परदेशी, आहेत, सोपाऱ्याचा म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा एक भिक्खू आहे. ब्राह्मीत थ म्हणजे गोल आणि मध्ये टिंब. तो सापडला की पुढे थंभो, म्हणजे खांब, वाचता येतं. आम्ही सगळे मोबाईलचे टॉर्च लावून थ शोधत होतो, त्या शाळेच्या बाईंना पहिला सापडला तर त्या चक्क ओरडल्या.

गाडीवाल्याचे फोन यायला लागले होते, तेवढ्यात ती बाबांना म्हणाली, काका, तुमच्यासाठी एक ठेवलाय, आणि दाराकडे घेऊन गेली. तिथल्या एका लेखात लिहिलंय की धेनुकाकटच्या वढकि सामिने, वेणुवासाच्या मुलाने, हे घराचं दार केलं. वढकि म्हणजे सुतार, ती म्हणाली. मी म्हटलं, वाढई! ती माझ्याकडे बघतच राहिली, पुण्याकडे हा शब्द चालत नाही ना, आणि मग हसून म्हणाली हो, तोच, वढकिचाच वाढई झाला.

तिने अक्षरं एकेक करून समजावली, व म्हणजे गोल आणि वर उभी रेघ, क म्हणजे अधिकचं चिन्ह. बाबांनी खिशातून ती छोटी डायरी आणि पेन्सिल काढली, कामाची मापं लिहायला ठेवायचे ती सवय अजून आहे, आणि अक्षरं उतरवून घेतली, हळूहळू, पेन्सिल दाबून. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. डाव्या हाताची तर्जनी अर्धी नाही, मी तिसरीत असताना गेली, करवतीत. त्या बोटाच्या थोटकाने त्यांनी डायरीचं पान धरून ठेवलं होतं. गाडीवाला थांबला काय आणि गेला काय, मी त्यांना उठवलं नाही.

परतीच्या वाटेत तळेगावपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "वेणुवास म्हणजे त्याच्या बापाचं नाव न?"

मी हो म्हटलं.

"मी एवढी दारं केली, एकावरही नाव नाही टाकलं. अन् त्यानं बापाचंही टाकलं." मग जरा थांबून, "आबाचं नाव टाकाले पाहिजे होतं मी."

आबा म्हणजे माझे आजोबा, तेही वाढई. गावातल्या आमच्या घराचं पुढचं दार त्या दोघांनी मिळून केलंय. मार्चमध्ये बाबा गावाला परत जातील. काल त्यांनी मला पटाशीला धार लावून देणारा माणूस पुण्यात कुठे मिळतो ते विचारलंय, कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.