पिक्चरला जायचं तरी कशासाठी?

आज रात्री आईला घेऊन मराठी पिक्चर बघून आले. वर्षातून असे किती योग येतात, विचारू नका! हिंदी असेल तर मी सरळ थांबते. मोठे हिंदी पिक्चर साधारण आठ आठवड्यांत घरच्या टीव्हीवर येतात, आणि शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. २०२२ च्या राष्ट्रीय सिनेमा दिनाला तिकीट ७५ रुपये होतं, तेव्हा अख्खी बिल्डिंग निघाली होती. म्हणजे हौस आहे, खिसा नाही.

मराठीचं गणित वेगळं. आमच्या इंदूरला एखाददुसरा शो, तोही अडनिड्या वेळी, आणि खुर्च्या रिकाम्या दिसल्या की शुक्रवारी गायब. म्हणून व्हॉट्सॲपवर निरोप फिरतात, ‘रविवारी सगळे चला, नाहीतर काढतील.’ आम्ही पिक्चर टिकवायलाच जातो म्हणा ना. (रटाळ निघाला तरी बाहेर कुणी बोलत नाही!)

आजचा मात्र बरा होता. पुढच्या रांगेतले काका आम्ही हसलो तिथेच हसत होते. ते सुख घरच्या सोफ्यावर नाही. नंतर सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) खाल्ले. आई म्हणाली, पिक्चरपेक्षा हे बरे.

पुढचा कधी लागतोय, कळलं तर सांगा रे.