काकूंच्या नावाची एफडी

जुलै म्हणजे आम्हा टॅक्सवाल्यांचा हंगाम. २०२५ साली आयकर विवरणपत्राची मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण पेन्शनर माणूस मुदतवाढीवर भरवसा ठेवत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या ऑफिसात सकाळी शटर वर जायच्या आधीच एक काका-काकू पायरीवर उभे होते.

काका सरकारी खात्यातून निवृत्त. "माझं मी घरीच भरतो मॅडम, हिचा तेवढा रिफंड काढून द्या. बँकेनं अकरा हजार कापून टाकले ना!"

काकूंना स्वतःचं दुसरं उत्पन्न नाही. एफडीचं व्याज १,१०,००० रुपये. २०२४-२५ या आर्थिक वर्षात ज्येष्ठांसाठी व्याज ५० हजारांच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे बँकेतच आधी कर, कापला जाई (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १ लाख आहे) आणि 'माझ्यावर कर बसत नाही, कापू नका' असं बँकेला सांगणारा १५एच फॉर्म द्यायचा राहून गेला होता. काम पाच मिनिटांचं. सवयीनं विचारलं, "काकू, एफडीचे पैसे कुठले?"

"माझेच, दुसऱ्या कोणाचे?" उत्तर काकांनी दिलं. "रिटायर झालो तेव्हा पंधरा लाख हिच्या नावानं टाकले. माझा टॅक्स वाचते ना."

नवऱ्यानं बायकोला पैसे द्यायला कायद्याची ना नाही. पण त्या पैशांवरचं व्याज तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. पासबुकावर नाव कोणाचंही असो.

काकांनी पिशवीतून वही काढली. पेन्शन ४,२०,०००, स्वतःच्या ठेवींचं व्याज १,८०,०००. त्यातून ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी कलम ८०टीटीबीची ५० हजारांची वजावट. उरले बरोबर ५ लाख, म्हणजे अशा वजावटी देणाऱ्या जुन्या करपद्धतीत कर शून्य. इतका काटेकोर हिशेब मी नव्या सीएंच्या हातूनही क्वचित पाहिलाय. काकूंचं व्याज त्यात मिळवलं की आकडा ६,१०,००० होत होता आणि सेससकट कर ३३,२८०. ८०टीटीबीची मर्यादा काकांच्या व्याजानंच संपलेली.

काका गप्प. बोलल्या त्या काकू. "म्हणजे पैसा माझ्या नावाचा, अन् व्याज यांचं?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. कायदा माहीत असणं वेगळं आणि तो काकूंच्या तोंडावर सांगणं वेगळं.

आधी काकांचं निस्तरलं. नव्या पद्धतीत ८०टीटीबी नाही, पण पेन्शनवर प्रमाणित वजावट ७५ हजार. काकूंचं व्याज धरून एकूण ७,१०,००० मधून ती गेली की उरतात ६,३५,०००, आणि त्या वर्षी ७ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करमाफी, होता. कर शून्य. "सीनियरची सूट सोडून द्यायची?" काका दोनदा म्हणाले. जी सूट घेऊन तेहतीस हजार भरावे लागतात, तिच्यावर माणसाचं इतकं प्रेम का असतं, मला आजवर कळलेलं नाही. त्याआधीच्या वर्षाचं विवरणपत्र मात्र जुन्या पद्धतीनं भरून झालं होतं. ते दुरुस्त करायचं तर अद्ययावत विवरणपत्र, कर, व्याज आणि वर २५ टक्के जादा. तो हिशेब लिहिलेला कागद काकांनी घडी घालून खिशात ठेवला.

कापलेल्या अकरा हजारांचं श्रेयही (क्रेडिट) काकांच्याच विवरणपत्रात जायला हवं होतं. त्यासाठी काकूंनी बँकेला तसं लिहून द्यायचं. म्हणजे रिफंड काकांच्या खात्यात. हे ऐकून काकू हसल्याच. "घ्या! तेही यांनाच."

तेव्हा मी त्यांना कायद्यातली दुसरी बाजू सांगितली. मूळ पंधरा लाखांचं व्याज काकांचं. पण ते व्याज बाजूला काढून पुन्हा गुंतवलं, तर त्यावर मिळणारं व्याज काकूंचं स्वतःचं. ते काकांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. फक्त खातं वेगळं ठेवायचं, सरमिसळ नको.

काकूंनी ते दोनदा वदवून घेतलं. मग काकांच्या हातून पेन घेऊन त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर बँकेचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "चला, येथूनच जाऊ. नवीन खातं काढाचं आहे."

काका म्हणाले, "जॉइंट काढू ना."

"नाही."