उद्गारचिन्हाखाली राहिलेलं ॲप

नव्या ट्रेनींना आम्ही लगेच खऱ्या बोर्डाला हात लावू देत नाही. लॅपटॉपवर लिनक्स आणि नासाच्या गोडार्ड केंद्राची सीएफएस ही यानांच्या उड्डाण-सॉफ्टवेअरची ओपन-सोर्स प्रणाली, एवढ्यावर सुरुवात होते. तिचा गाभा, म्हणजे सीएफई, २००९ साली चंद्राकडे गेलेल्या एलआरओ यानावर वापरला गेला आहे. सबमॉड्यूलसकट कोड उतरवायचा, नमुन्याची मेकफाइल आणि सॅम्पल-डेफ्स फोल्डर वरच्या पातळीवर कॉपी करायचं, सिम्युलेशन 'नेटिव्ह' (म्हणजे लॅपटॉपवरच चालणारं) ठेवून बिल्डच्या कमांड द्यायच्या: मेक प्रेप, मग मेक, मग मेक इन्स्टॉल.

एका ट्रेनीने सॅम्पल ॲपवरून तापमान वाचणारं स्वतःचं ॲप लिहिलं. बिल्ड विनातक्रार झाला. पण पायथन स्क्रिप्टमधून नो-ऑप कमांड (काही न करता फक्त ॲप चालू असल्याचं कळवायला लावणारी) कितीही वेळा पाठवली तरी टर्मिनल गप्प.

"सर, पॅकेटच चुकतंय का?"

शंका रास्त होती, म्हणून आधी तेच पाहिलं. सहा बाइट प्राथमिक हेडर, दोन बाइट कमांडचा दुय्यम हेडर, एकूण आठ. लांबीच्या रकान्यात मात्र आठ नव्हे, एक लिहायचा, कारण सीसीएसडीएस या अवकाश-पॅकेटांच्या मानकाच्या नियमाने एकूण लांबीतून सात वजा करतात. बाइटक्रम बिग-एंडियन. मेसेज आयडी हेक्समध्ये १८९०, यूडीपी पोर्ट १२३४, जिथे कमांड स्वीकारणारं सीआय-लॅब ॲप ऐकत असतं. सगळं बरोबर होतं.

मग प्रोग्राम नव्याने सुरू करून एकदाच कमांड पाठवायला सांगितली. या वेळी ओळ उमटली: १८९० ला कुणीही सबस्क्रायबर नाही.

ही तक्रार सॉफ्टवेअर बस, म्हणजे ॲप्सना संदेश पोहोचवणारा भाग, फक्त पहिल्या चार वेळा करते. पुढे इव्हेंट फिल्टर तिला दाबतो, आणि ते योग्यच आहे. एकच तक्रार अखंड वाहत राहिली तर मोजक्या टेलिमेट्रीत, म्हणजे यानाकडून येणाऱ्या माहितीत, कामाचं काही उरणार नाही. चाचणी करताना मात्र हे ठाऊक हवं. जितक्या जास्त वेळा कमांड पाठवाल, तितका पुरावा मागे सरकत जातो.

सबस्क्रायबर नाही म्हणजे त्या आयडीचे संदेश मागून घेणारं ॲप चालूच नाही. सुरुवातीचा लॉग पाहिला. प्रत्येक ॲपसाठी 'लोडिंग फाइल' अशी ओळ येते. हिच्या ॲपची नव्हती. काय बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या टार्गेट्सच्या यादीत नाव होतं, त्यामुळे लायब्ररी फाइल तयार होऊन सीएफ फोल्डरमध्ये आलेली होती. कोणती ॲप्स सुरू करायची ते सांगणाऱ्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्येही नोंद होती: एंट्री फंक्शन, नाव, प्रायॉरिटी ५०, स्टॅक १६३८४. पण फाइलच्या अगदी तळाशी, उद्गारचिन्हाच्या खाली. पार्सर पहिल्या उद्गारचिन्हापाशी थांबतो. त्याखालचा मजकूर रकाने समजावणाऱ्या टिपांसाठी आहे, तो वाचलाच जात नाही. जे वाचलं नाही त्याबद्दल एरर कुठून येणार?

ओळ वर घेतानाही एक काळजी घ्यावी लागते. बिल्ड फोल्डरमधली प्रत बदलली तर पुढच्या मेक इन्स्टॉलला ती पुसली जाते. बदल डेफ्स फोल्डरमधल्या मूळ फाइलमध्ये करायचा. तिने तसा केला आणि नो-ऑपचा इव्हेंट टर्मिनलवर आला.

टेलिमेट्री दाखवणारी ग्राउंड सिस्टिमची खिडकी तरीही रिकामीच होती. ते वेगळं काम: ॲपच्या हाउसकीपिंग (स्वतःची स्थिती सांगणाऱ्या) पॅकेटचा आयडी टेलिमेट्री बाहेर पाठवणाऱ्या टीओ-लॅबच्या सबस्क्रिप्शन टेबलात घालायचा, पुन्हा बिल्ड करायचं आणि आपला आयपी देऊन आउटपुट सुरू करण्याची कमांड पाठवायची. मग १२३५ पोर्टवर पॅकेट यायला लागतात.